पिशवी काढण्यापलीकडे: खासदार सुप्रियाताई सुळे यांना खुले पत्र

आदरणीय सुप्रियाताई,



ज्येष्ठांसाठीच्या वयोश्री योजनेची शिबिरं आपल्या मतदारसंघात भरली, त्यासाठी तुम्ही केलेला पाठपुरावा बारामती-इंदापूरच्या लोकांनी पाहिला आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला श्रवणयंत्र, गुडघे गेलेल्याला काठी नाहीतर वॉकर, दात पडलेल्याला कवळी, दिसेनासं झालेल्याला चष्मा. यादी चांगली आहे. पण अशा रांगेत उभ्या राहणाऱ्या कितीतरी बायकांना उभं राहणंच जड जातं, आणि त्याचं कारण गुडघा नसतो. त्यांचं अंग बाहेर येतं. या दुखण्यावरची वस्तू त्या यादीत नाही आणि त्याबद्दलचा प्रश्न कुठल्याच सरकारी फॉर्मवर नाही. म्हणून हे पत्र.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी नोकरी आणि मग स्वतःचा दवाखाना, असं माझं बहुतेक आयुष्य या दोन तालुक्यांत गेलं. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके तुमच्या मतदारसंघात आहेत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, त्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. इमारती आहेत, शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत. उणीव आहे ती कुणीतरी हा विषय बैठकीच्या टेबलावर ठेवण्याची. पुरुष आमदार-खासदारांपुढे हे बोलायला आमच्या बायका धजणार नाहीत. तुमच्यापुढेही कदाचित त्या बोलणार नाहीत. मी बोलते.

हे दुखणं घेऊन बाई सहसा येतच नाही. ती कंबर दुखते म्हणून येते, अंगावरून पांढरं जातं म्हणून येते, लघवीला जळजळ होते म्हणून येते. तपासणीच्या टेबलावर घ्यावं तर आत जुन्या लुगड्याची घडी घट्ट बसवलेली असते, काष्ट्यानं वर आवळून धरलेली. ती घडी काढून खोकायला सांगितलं की जे दिसतं ते पाहून दवाखान्यात नवीन आलेल्या नर्सच्या डोळ्यांत पाणी यायचं. लिंबाएवढा, कधी पेरूएवढा गोळा बाहेर, त्याची कातडी घासून घासून कोरडी पडलेली, कुठेकुठे जखम. काहींना लघवीला बसलं की आधी तो गोळा अंगठ्यानं आत सारावा लागतो, तेव्हा लघवी सुटते. किती वर्षं झाली म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "धाकट्याच्या टायमाला झालं बगा." धाकट्याचं लग्न झालेलं असतं.

बाई लग्नाला जायचं टाळते, एसटीनं लांब जायचं टाळते. नवऱ्याजवळ जायचं टाळते आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते होतं. पण गोठा सुटत नाही, पाणी सुटत नाही, वैरणीचा भारा सुटत नाही.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास निघाला, आणि त्याआधी कुणी स्त्रीरोगाची तपासणी केलेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. महाराष्ट्राच्या एका टोकाला तेव्हा जे दिसलं, ते आपल्या बागायती पट्ट्यात नसेल असं समजायचं कारण नाही. कालव्याचं पाणी शेताला मिळालं, या दुखण्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

हे होतं कशानं, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गर्भाशय, त्याच्या पुढचं मूत्राशय आणि मागचा गुदाशय ही तिन्ही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर टेकलेली असतात आणि बाजूच्या बंधांनी वर धरलेली असतात. बाळंतपणात, त्यातही अडून राहिलेल्या किंवा चिमटा लावाव्या लागलेल्या बाळंतपणात, हे स्नायू फाटतात, कधी हाडापासून सुटतात, बंध ताणले जातात. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, बाळंतिणीची सव्वा महिन्याची विश्रांतीही पुरी न होता डोक्यावर आलेला हंडा, चुलीच्या धुरानं जडलेला खोकला, जुनी बद्धकोष्ठता, आणि शेवटी पाळी गेल्यावर पेशींचा उतरलेला ताठपणा. यातली दोन-तीन कारणं एकत्र आली की अंग उतरायला लागतं.

ते प्रत्येकीचं सारखं उतरत नाही. कुणाची योनीची पुढची भिंत खाली येते आणि तिच्याबरोबर मूत्राशय. कुणाची मागची भिंत येते, मग शौचाला बसल्यावर बोटानं दाबावं लागतं. कुणाच्या पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, तोंडच लांबत जाऊन बाहेर लोंबतं, पिशवी मात्र बऱ्यापैकी जागेवर असते. कुणाचं सगळंच येतं. बाहेरून बघणाऱ्याला सगळे गोळे सारखे दिसतात. डॉक्टरनं मात्र नीट तपासून, काय आणि किती उतरलंय हे लिहून, मग उपाय ठरवायचा असतो.

आपल्याकडे उपाय आधीच ठरलेला असतो. "पिशवी काढून टाका."

ताई, बीडचं तुम्हाला सांगायला नको. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे आकडे आले, त्यांत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळी नको, पांढरं जाणं नको, कामाचा खाडा नको, आणि 'कॅन्सर होईल' ही भीती, अशी त्यामागची कारणं. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही ५ एप्रिल २०२३ रोजी अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. या बायका बीडच्या खऱ्या, पण ऊस तोडतात कुठं? माळेगावच्या, सोमेश्वरच्या, भवानीनगरच्या छत्रपतीच्या, इंदापुरातल्या कर्मयोगीच्या आणि नीरा-भीमाच्या हद्दीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. चाळीस किलोंहून जड मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई आपल्या शिवारात चढते. त्यामुळे तो प्रश्न बीडचा आणि हा आपला, अशी वाटणी करता येत नाही.

मी पिशवी काढण्याच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. साठीतल्या बाईचं अंग पूर्ण बाहेर असेल, तिला शस्त्रक्रिया हवी असेल, तर योनीमार्गातून पिशवी काढणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. पोटावर टाका नाही, कमरेतून भूल देऊन होतं, बाई लवकर उठून बसते. माझं म्हणणं वेगळं आहे. पिशवी ही या दुखण्याचं कारण नसते; आधार गेल्यामुळे ती बिचारी खाली आलेली असते. गोठ्याच्या मेढी कलल्या म्हणून पत्रा खाली आला, तर पत्रा काढून नेल्यानं गोठा उभा राहत नाही. पिशवी काढल्यावर योनीचा वरचा घुमट उरलेल्या मजबूत बंधांना टाके घालून वर टांगावा लागतो, पुढच्या-मागच्या भिंती दुरुस्त कराव्या लागतात. टांगण्याची ही पायरी घाईत, किंवा शिकवलेलीच नसल्यामुळे, सुटते. मग काही वर्षांनी तीच बाई परत येते. "बाई, पिशवी तर काढून टाकली, मग आता हे काय बाहेर येतंय?" हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना मला संताप आवरावा लागला आहे. त्या बाईनं कर्ज काढलेलं असतं, नवऱ्याची बोलणी खाल्लेली असतात, आणि आता दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड होऊन बसलेली असते.

पिशवी ठेवूनही अंग वर नेता येतं. हे बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

पिशवीचं तोंड लांबलेलं असेल, तर तेवढाच लांबलेला भाग काढायचा, बाजूचे बंध पुढे आणून आवळून शिवायचे, आणि उतरलेली पुढची भिंत दुरुस्त करायची, ही मँचेस्टर शस्त्रक्रिया. इंग्लंडातल्या त्या शहरात १८८८ साली आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी ती सुरू केली, फॉदरगिल यांनी पुढे सुधारली. मधल्या काळात ती मागे पडली, जुनाट समजली गेली. दुसरी पद्धत म्हणजे पिशवीचं तोंड ओटीपोटाच्या मागच्या बाजूच्या एका भक्कम बंधाला, सॅक्रोस्पायनस बंधाला, टाक्यांनी अडकवायचं. नेदरलँड्समध्ये ४३४ बायकांवर या दोन्हींची तुलना झाली. पिशवी फार खाली न आलेल्या या बायका होत्या. दोन वर्षांनी मँचेस्टर झालेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के आणि दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के बायकांचं काम यशस्वी ठरलं. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी, बिनखर्चिक, यंत्रसामग्री न लागणारी शस्त्रक्रिया सरस ठरली, ही आपल्यासारख्या तालुक्यांसाठी फार मोलाची बातमी आहे. तालुक्याच्या रुग्णालयात हात बसलेला सर्जन असेल तर ती होऊ शकते.

आणि तरुण बाईचं काय? पंचवीस-तीस वर्षांची, अजून मूल हवं असलेली? या प्रश्नावर जगाला उत्तर देणाऱ्यांत आपली माणसं आहेत. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९चा, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथंच प्राध्यापक झाले. गर्भपात टाळण्यासाठी पिशवीच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका जगभर 'शिरोडकर' नावानंच ओळखला जातो. पण त्यांनी उतरलेल्या अंगावरही शस्त्रक्रिया बसवल्या. मँचेस्टर पद्धतीत पिशवीचं तोंड कापलं की पुढच्या गर्भारपणात अडचण येऊ शकते, म्हणून ते न कापता करायची सुधारणा त्यांनी केली. आणि पिशवी पट्टीनं मागे त्रिकास्थीला टांगण्याची पद्धतही त्यांचीच. मुंबईचेच डॉ. व्ही. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतल्याच मजबूत पडद्याच्या पट्ट्या घेऊन पिशवीचं तोंड वर धरलं. परदेशात हे दुखणं बहुतांशी उतारवयातलं, त्यामुळे तिकडच्या पुस्तकांत तरुण बाईचा विचार कमी होता. या डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात विशी-तिशीतल्या बायका येत होत्या, म्हणून त्यांनी त्यांच्यासाठी डोकं चालवलं. मुंबईत मराठी डॉक्टरांच्या हातांनी घडलेली ही विद्या बारामतीपर्यंत यायला एवढा वेळ का लागावा?

पिशवी आधीच काढलेली असून घुमट खाली आलेला असेल, तर पोटातून किंवा दुर्बिणीनं कृत्रिम जाळी लावून तो त्रिकास्थीला टांगतात. ही शस्त्रक्रिया टिकाऊ आहे, पण मोठी आहे, ती शिकलेल्या माणसाकडेच व्हावी. बारामतीहून पुण्याला पाठवायची वेळ आली तर याच बाईला पाठवावं.

जाळीबद्दल एक इशारा मात्र द्यायला हवा. हीच जाळी योनीमार्गातून बसवण्याची टूम दोन हजारनंतरच्या दशकात जोरात होती. जाळी उघडी पडणं, सततच्या वेदना, संबंधांच्या वेळी त्रास अशा तक्रारींचा ढीग झाला. ऑस्ट्रेलियानं २०१७ मध्ये ती बाजारातून काढली, ब्रिटननं २०१८ मध्ये वापर थांबवला, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल २०१९ मध्ये उतरलेल्या अंगासाठी तिची विक्री बंद करायला लावली. आपल्याकडच्या बाईला कुणी 'नवीन जाळीचं ऑपरेशन' सुचवलं, तर ती पोटातून बसवायची की खालून, हे तिनं विचारलंच पाहिजे, आणि तिला ते विचारता येईल एवढी माहिती कुणीतरी दिलेली असली पाहिजे.

ऐंशीला टेकलेली, हृदयाचा त्रास असलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली म्हातारी असेल, तर योनीमार्ग आतून शिवून बंद करण्याची छोटी शस्त्रक्रियाही आहे. संबंध कायमचे बंद होतात, म्हणून तिला ते नीट समजावून, तिच्याच तोंडून होकार घ्यायचा. मुलाच्या तोंडून नव्हे. पण यश फार चांगलं आणि भूल थोडी. अशा म्हाताऱ्यांना 'वय झालं, आता कशाला' म्हणून परत पाठवलं जातं, ते चुकीचं आहे.

आता शस्त्रक्रियेविना काय करता येतं ते. सुरुवातीच्या टप्प्यात तळाच्या स्नायूंचे व्यायाम, खोकला आणि बद्धकोष्ठतेवर उपचार, एवढ्यानं पुष्कळजणींना बरं वाटतं. त्यापुढे पेसरी. आमच्या बायका तिला रिंग म्हणतात. सिलिकॉनची, लवचिक, वेगवेगळ्या मापांची कडी. दोन बोटांनी आतलं माप घ्यायचं, कडी दुमडून आत सोडायची, आत गेली की ती आपोआप उलगडून अंग वर धरते. किंमत काही शे रुपये.

उजनीच्या पाण्याकडच्या एका गावातल्या आजी मला चांगल्या आठवतात. शस्त्रक्रियेला त्यांचा ठाम नकार होता. रिंग बसवली, त्यांना म्हटलं, जरा चालून या. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चालल्या, जिना चढल्या-उतरल्या, मग संडासात जाऊन उकिडव्या बसून आल्या. परत येऊन त्यांनी माझ्यासमोर दोनदा जोरात खोकून दाखवलं. "पडंना की वं!" म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी रिंग काढून, धुऊन, तपासून परत बसवायला त्या येत राहिल्या. सून बरोबर यायची, पुढे सुनेलाच ती काढायला-बसवायला शिकवलं.

रिंग हा सगळ्यांना लागू पडणारा उपाय आहे असं मात्र समजू नका. नेदरलँड्समधल्याच ४४० बायकांच्या एका अभ्यासात दोन वर्षांनी रिंग वापरणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्के आणि शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के बायकांनी आपल्याला बरं वाटतंय असं सांगितलं. पण रिंगनं सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी नंतर शस्त्रक्रियेकडे वळल्या होत्या. काहींना ती टोचते, काहींची निसटते. आणि बसवून विसरलेली रिंग तर घातक. आत जखमा होतात, ती रुतून बसते. म्हणून रिंग द्यायची तर नोंदवही ठेवायची आणि बाई आली नाही तर आशाताईनं तिच्या घरी जायचं. ही व्यवस्था नसेल तर रिंगा वाटूच नयेत.

ताई, इथं मी तुमच्याकडे मनापासून एक गोष्ट मागते. हे पत्र वाचून कुणी उत्साही कार्यकर्ता म्हणेल, 'आपण मोफत ऑपरेशनचं शिबिर घेऊ.' कृपा करून ते होऊ देऊ नका. नेपाळमध्ये हे होऊन गेलं आहे. तिथं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे दुखणं एवढ्या प्रमाणात असणं हे बायकांच्या प्रजनन-हक्काचं उल्लंघन आहे. सरकारनं मोफत शस्त्रक्रियांची मोहीम हाती घेतली. हेतू उत्तम होता. पण शिबिरांत हजारो बायकांच्या पिशव्या निघाल्या आणि नंतर त्या बायकांचं काय झालं, याची विचारपूस करणारी यंत्रणा तोकडी पडली, अशी टीका तिथल्याच अभ्यासकांनी केली. शिबिराचा सर्जन संध्याकाळी गाडीत बसून जातो. ताप आला, टाका सुटला, लघवी अडली तर बाईनं जायचं कुठं? शिबिर घ्यायचंच तर तपासणीचं घ्या. शस्त्रक्रिया रुग्णालयात, यादीनुसार, सर्जन दुसऱ्या दिवशीही तिथंच असेल अशा ठिकाणी.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाबद्दल डॉक्टर एक वाक्य बोलतात: "जड उचलायचं नाही." पहिले सहा आठवडे हंडा नाही, भारा नाही, तीन महिने तरी खरं जड काम नाही. हे वाक्य ऐकून बाई मान हलवते आणि घरी जाऊन आठव्या दिवशी वैरण आणते. दोष तिचा नाही. घरी चार जर्सी गाई आहेत, सकाळ-संध्याकाळ धारा आहेत, दूध वेळेत डेअरीवर गेलं नाही तर आठवड्याचा हिशोब बिघडतो. आत घातलेला टाका कितीही चांगला असला तरी ओल्या चाऱ्याच्या भाऱ्यापुढे तो टिकत नाही. शस्त्रक्रिया फसण्याची जी कारणं मी पाहिली, त्यांत सर्जनच्या हाताइतकंच हे एक मोठं कारण आहे. मी माझ्यापुरता नियम केला होता: नवरा आणि सासू समोर बसल्याशिवाय तारीख द्यायची नाही. भारा कोण आणणार, धार कोण काढणार, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. बहुतेक नवरे तयार व्हायचे. त्यांना तोवर कुणी सांगितलेलंच नसायचं. सासवा तर अनेकदा हळूच विचारायच्या, "बाई, माझंबी तपासता का?"

पण ज्या घरात नवराही मजुरीला जातो तिथं बोलून भागत नाही, तिथं पैसा लागतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या उसावर कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये घ्यायचं ठरलं आहे. त्यातून ऊसतोड बाईला शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांची मजुरी मिळू शकते का, हे संबंधित मंत्र्यांना तुम्ही विचारू शकता. स्थानिक शेतमजूर बाईसाठी कारखान्यांच्या आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या सामाजिक निधीतून काही करता येईल. रिंगांचा खर्च तर त्या निधीत कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका थोडा आहे.

बाकी ज्या गोष्टी मागायच्या त्यांना पैसा जवळपास लागतच नाही. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी आशाताई घरोघर जाऊन जी तपासणीसूची भरतात, तिच्यात स्तनातली गाठ विचारतात, पाळी गेल्यावर रक्त जातं का विचारतात, वास येणारं पांढरं जातं का विचारतात. त्याच्याच खाली 'बसल्यावर, चालताना खाली काही बाहेर आल्यासारखं वाटतं का?' हा एक प्रश्न आपल्या दोन तालुक्यांत वहीच्या कोपऱ्यात का होईना विचारायला सुरुवात करता येईल. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं एक पत्र पुरे. 'होय' म्हणणाऱ्या बाईला पाठवायचं कुठं, हे मात्र आधी ठरलेलं हवं. बारामतीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेली खोली, शक्यतो तपासणारी डॉक्टर बाई, सगळ्या मापांच्या रिंगा, आणि इंदापूर, भिगवणकडून येणाऱ्या बाईला एकाच फेरीत तपासणी होऊन तारीख मिळेल अशी सोय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. इंदापुरात रिंग बसवणं, धुणं, तपासणं एवढं तरी झालंच पाहिजे, त्यासाठी बाईनं बारामतीची वाट का तुडवावी?

त्या खोलीत मराठीतला एक कागद असावा, चित्रांसह. तुमचं काय उतरलंय, त्यावर काय काय करता येतं, पिशवी ठेवून काय होतं, काढून काय होतं, परत येण्याची शक्यता किती, किती दिवस जड उचलायचं नाही. तो कागद वाचून दाखवल्याशिवाय संमतीपत्रावर अंगठा घेऊ नये. आणि ज्या सर्जनला मँचेस्टर, टांगण्याची शस्त्रक्रिया, शिरोडकर-पुरंदरेंच्या पद्धती येतात, अशा ज्येष्ठांना पुण्या-मुंबईहून बोलावून इथल्या तरुण डॉक्टरांचा हात बसवून घ्यावा. ही माणसं निवृत्त होत चालली आहेत. त्यांचा हात पुस्तकातून उचलता येत नाही.

यातलं काही बारामतीत आधीच सुरू असेल, तर फार आनंद आहे. मग कुठल्या वारी, कुठल्या खोलीत, एवढंच गावोगाव कळवायची व्यवस्था करा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिता येणार नाही असं काही जण म्हणतील. कुटुंबनियोजनाचं लिहिता येतं, तर हेही येतं.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर येतील, कोप्या उभ्या राहतील. त्याआधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि कारखान्यांचे प्रतिनिधी यांची एक बैठक तुम्ही बोलवावी. दोन-चार आशाताईंनाही त्या टेबलाशी खुर्ची द्या, मागे उभं ठेवू नका. मला बोलावलंत तर मी येईन. माझ्याकडे रिंगांचा सगळ्या मापांचा डबा अजून आहे, तोही आणीन; साहेब लोकांनी ती वस्तू एकदा हातात घेऊन बघितलेली बरी.

आपली,
इंदापूर तालुक्यातली एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ